सरासरी अठरा टक्के, तरीही हाती कमी

प्रश्न : मी एका सहकारी संस्थेत नोकरी करतो. शेअरमध्ये गुंतवण्यासाठी तीन लाख रुपये बाजूला काढले आहेत. त्यांपैकी एक लाख दोन वर्षांनी मुलीच्या महाविद्यालयीन प्रवेशासाठी लागतील. साबण आणि टूथपेस्ट तयार करणाऱ्या एका कंपनीच्या शेअरने गेल्या पाच वर्षांत, लाभांश धरून, अनुक्रमे 6, 18, उणे 4, 22 आणि 18 टक्के परतावा दिला आहे. पोलाद तयार करणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या शेअरने त्याच वर्षांत 60, उणे 30, 45, उणे 25 आणि 40 टक्के दिला आहे. सरासरी पहिलीची 12 आणि दुसरीची 18 टक्के येते. मग सर्व रक्कम पोलाद कंपनीत घालणेच योग्य नाही का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपण काढलेली सरासरी गणिताने बरोबर आहे, परंतु गुंतवणूकदाराच्या हाती जे पडते ते ही सरासरी नव्हे. पाच वर्षांपूर्वी साबण कंपनीत घातलेले एक लाख रुपये आज सुमारे 1,72,860 झाले असते, तर पोलाद कंपनीतले 1,70,520. सहा टक्क्यांनी जास्त सरासरी असूनही दुसरा शेअर मागे पडला, याचे कारण असे की शंभराचे सत्तर झाले की पुन्हा शंभर होण्यासाठी तीस नव्हे, तर जवळपास 43 टक्के वाढ लागते. चढउतार जितका मोठा, तितकी साधी सरासरी आणि प्रत्यक्ष चक्रवाढ यांतली दरी रुंद होते. म्हणून दोन शेअरांची तुलना करताना आधी चक्रवाढ परतावा काढावा, म्हणजे दरवर्षी सारखाच मिळाला असता तर शेवटी तेवढीच रक्कम झाली असती असा वार्षिक दर. येथे तो पहिल्याचा साधारण 11.6 आणि दुसऱ्याचा 11.3 टक्के आहे.

जोखीम मोजण्यासाठी प्रमाण विचलन वापरतात, म्हणजे दरवर्षीचा परतावा सरासरीपासून किती दूर जातो याचे माप. साबण कंपनीचे ते सुमारे 10.8 आणि पोलाद कंपनीचे 42.2 येते. अर्थशास्त्रज्ञ विल्यम शार्प यांनी 1966 मध्ये मांडलेल्या गुणोत्तरात सरासरी परताव्यातून बिनजोखमीच्या गुंतवणुकीचा दर वजा करून उरलेल्या आकड्याला या विचलनाने भागतात. तो दर 7 टक्के धरला, तर पहिल्या शेअरचे गुणोत्तर 0.46 आणि दुसऱ्याचे 0.26 येते. जोखमीच्या प्रत्येक एककामागे मिळणारा मोबदला पहिल्याचा बराच अधिक आहे.

तरीही पोलादाचा शेअर टाकून द्या, असे मी म्हणणार नाही. आपल्या आकड्यांतली सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच आहे : पोलाद कोसळले त्या दोन्ही वर्षी साबण चांगले वाढले, आणि साबण घसरले त्या वर्षी पोलादाने 45 टक्के दिले. दोघांचा सहसंबंध, म्हणजे एकत्र चढण्या-उतरण्याचे उणे 1 ते 1 मधले माप, उणे 0.7 च्या आसपास आहे; उणे आकडा म्हणजे दोघे बहुधा विरुद्ध दिशेने जातात. समजा, ऐंशी टक्के रक्कम साबणात आणि वीस टक्के पोलादात ठेवली आणि दर वर्षाअखेरीस हेच प्रमाण पुन्हा साधले, तर वार्षिक परतावे 16.8, 8.4, 5.8, 12.6 आणि 22.4 टक्के आले असते. एकही वर्ष तोट्याचे नाही, विचलन 6.6, आणि एक लाखाचे 1,84,620. अधिक जोखमीचा शेअर थोडासा मिसळल्याने एकूण जोखीम एकट्या साबण कंपनीपेक्षाही कमी झाली आणि परतावा वाढला. अर्थशास्त्रज्ञ हॅरी मार्कोविट्झ यांनी 1952 मध्ये गणिताने दाखवलेली हीच गोष्ट, ज्यासाठी त्यांना 1990 चे अर्थशास्त्राचे नोबेल शार्प आणि मर्टन मिलर यांच्यासह मिळाले : शेअर एकट्याने कसा आहे यापेक्षा तो आपल्या बाकीच्या शेअरांसोबत कसा चालतो, हे पाहावे.

मात्र पाच वर्षांच्या पाच आकड्यांवर फार भार टाकू नये. एकाच बाजारातल्या दोन शेअरांमध्ये इतका विरुद्ध सहसंबंध क्वचितच दीर्घकाळ टिकतो, आणि ज्या दिवशी त्याची सर्वाधिक गरज असते त्याच दिवशी तो नाहीसा होतो. 23 मार्च 2020 रोजी सेन्सेक्स एका दिवसात 13 टक्क्यांहून अधिक घसरला, तेव्हा साबण आणि पोलाद असा भेद बाजाराने फारसा केला नाही. शक्य असेल तर दहा-बारा वर्षांचे मासिक परतावे घेऊन हेच गणित पुन्हा करावे. संगणकावरील कोणत्याही तक्तापत्रकात ते अर्ध्या तासात होते. त्यासोबत कंपनीवरील कर्जही पाहावे, विशेषतः पोलादाच्या बाबतीत, कारण मंदीत पोलादाचा भाव उतरतो पण व्याजाचा हप्ता उतरत नाही. प्रमाण पुन्हा साधताना विक्रीच्या नफ्यावर कर लागतो आणि बारा महिन्यांच्या आत विकल्यास त्याचा दर अधिक असतो, हेही हिशेबात धरावे.

मुलीच्या प्रवेशासाठी लागणारे एक लाख रुपये यांपैकी कोणत्याही शेअरमध्ये घालू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पोलादासारखे उणे 30 टक्क्यांचे वर्ष नेमके प्रवेशाच्या आधी आले, तर भरून निघण्याची वाट पाहायला वेळ उरणार नाही. ती रक्कम बँकेच्या मुदत ठेवीत ठेवावी. उरलेल्या दोन लाखांचेही केवळ दोन शेअर म्हणजे पोर्टफोलिओ नव्हे. निम्मी रक्कम निफ्टी 50 वर आधारलेल्या इंडेक्स फंडात (त्या निर्देशांकातल्या पन्नास कंपन्यांत त्याच प्रमाणात पैसे घालणाऱ्या म्युच्युअल फंडात) ठेवून उरलेल्या एक लाखापैकी सुमारे 80 हजार साबण कंपनीत आणि 20 हजार पोलाद कंपनीत घालावेत, आणि तेही एकदम न घालता वर्षभरात चार हप्त्यांत.