एल्कोला यायचं म्हणता भाऊ, पण वहिनींचं काय?

भाऊ, वणीची कोळसा खाण सोडून अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात एल्को काउंटीत, म्हणजे तिथल्या एका जिल्ह्यात, सोन्याच्या खाणीत यायचं चाललंय, सोबत बायको आणि आठ वर्षांची मुलगी, तर गाव कसं आहे, शाळा कशी आहे, करमेल का, असं तुम्ही विचारलंत. एवढ्या लांबलचक प्रश्नात वहिनींबद्दल एकच वाक्य होतं, ‘ती सध्या शाळेत शिकवते’. ते वाचून मी तिथेच अडकले. मी चंद्रपूरला ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवत होते. त्यामुळे हे उत्तर निम्मं तुम्हाला आणि निम्मं त्यांना आहे.

व्हिसाची फी, टॅक्स, विमा हे सगळं सरकारी पानांवर आणि कंपनीच्या कागदांत मिळेल, ते सोडते.

आधी जागेचा अंदाज घ्या. एल्को काउंटी सुमारे ४४,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या चंद्रपूर जिल्ह्याच्या जवळजवळ चौपट. माणसं मात्र २०२०च्या जनगणनेत ५३,७०२. चंद्रपूर जिल्ह्यात २०११ सालीच २२ लाख होती. इथली बरीचशी वस्ती एल्को शहरात आणि शेजारच्या स्प्रिंग क्रीकमध्ये, बाकी सेजब्रशच्या झुडपांचं माळरान, गुरं, आणि मागे रुबी पर्वत. तूरडाळ, पोहे, हिंग आणायला सॉल्ट लेक सिटीला जायचं, एका बाजूने ३७० किलोमीटर. वाटेत वेस्ट वेंडोव्हर लागतं, तेही आपल्याच काउंटीत, पण तिथलं घड्याळ एक तास पुढे. हिवाळ्यात बर्फामुळे आय-८० हायवे बंद झाला की घरात आहे त्यावर भागवायचं. मोठ्या दुखण्याला डॉक्टरही बहुतेक वेळा सॉल्ट लेकलाच गाठावा लागतो, हे मुलगी लहान असताना फार जाणवतं.

खाणीचं तुम्हाला मी काय सांगणार. एल्कोजवळच्या कार्लिन पट्ट्यातल्या खाणींतलं सोनं इतकं बारीक की दगडात डोळ्यांना दिसतच नाही. १९६५ पासून ते निघतंय, आणि २०१९ पासून इथल्या बहुतेक मोठ्या खाणी बॅरिक आणि न्यूमाँट या दोन बड्या खाण कंपन्यांच्या एकत्र कंपनीकडे आहेत. म्हणजे मालक बदलून दुसरीकडे जायला वाव कमी. भावाचंही लक्षात ठेवा. १९९९ मध्ये सोनं औंसाला अडीचशे डॉलरच्या आसपास आलं होतं, त्या वेळच्या कामगारकपातीबद्दल जुनी माणसं अजून बोलतात. आज भाव चढा आहे म्हणून लगेच घर विकत घेऊ नका.

तुमची शिफ्ट बारा तासांची, वर बसने जाऊन-येऊन दोन-तीन तास. पहाटे काळोखात बस निघते. नाइट असली की दिवसभर घरात कुजबुजत वावरायचं, कुकरची शिट्टीसुद्धा नको. तुम्हाला बसमध्ये, पाळीत, जेवणाच्या खोलीत माणसं भेटतील. वहिनींना कोण भेटणार? इथे लोक वाईट नाहीत, फार चांगले आहेत. आमची गाडी बर्फात अडकली तेव्हा अनोळखी माणसाने स्वतःचं काम टाकून ती ओढून काढली. पण मदत करणं वेगळं आणि दुपारी चार वाजता ‘चहा टाक गं’ म्हणत आत येणं वेगळं. पहिल्या हिवाळ्यात मी दिवसभर कोणाशीच बोलत नसे. संध्याकाळी हे यायचे, जेवायचे, झोपायचे. भारतात फोन करावा तर तिथे पहाट. आईला ‘मजेत आहे’ असं सांगायची, कारण इतक्या लांबून ती काय करणार होती?

शंभर वर्षांपूर्वी स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरचे बास्क लोक इथे मेंढ्या राखायला आले. एकेकटे, उन्हाळाभर डोंगरात. त्यांनी अ‍ॅस्पेनच्या सालीवर आपली नावं आणि गावं कोरून ठेवली आहेत, आजही काही झाडांवर दिसतात. गावात उतरले की ते बोर्डिंग हाउसमध्ये राहत. १९१० चं स्टार हॉटेल त्यातलंच, तिथे अजून लांब टेबलांवर सगळ्यांना एकत्र जेवायला बसवतात. रुबी पर्वतात एका झाडावर ती अक्षरं पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी तिथेच बसून रडले. हे तुम्हाला गाव कसं आहे म्हणून सांगत नाही, वहिनींना कळावं म्हणून सांगते.

आता कागद. तुम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर येणार असाल, तर सोबत आलेल्या बायकोला एरवी नोकरी करता येत नाही. कंपनीने तुमच्या ग्रीन कार्डसाठी, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्यासाठी, केलेला आय-१४० अर्ज मंजूर झाला, की बहुतेक वेळा तेव्हाच तिला वर्क परमिट मागता येतं. २०१५ च्या आधी तेही नव्हतं. म्हणून कंपनी ती प्रक्रिया कधी सुरू करणार, हे ऑफर लेटरबरोबर लेखी घ्या. ‘नंतर बघू’ हे उत्तर मान्य करू नका. आमच्याकडे ‘नंतर’ फार लांबलं. परमिट आल्यावर मला खडक तपासायच्या लॅबमध्ये काम मिळालं. नमुन्याची पूड शिशाच्या ऑक्साइडबरोबर भट्टीत वितळवायची, मग शिसं काढून टाकून सोन्याचा बारीकसा मणी उरवायचा. मला ते मनापासून आवडलं, बऱ्याच काळाने हातात केमिस्ट्री आली होती. मग परमिटची मुदत संपली, नवं कार्ड वेळेत आलं नाही, आणि मला घरी बसवलं. तो राग अजून उतरलेला नाही.

जन्मदाखलेही आत्ताच बघा. माझ्या दाखल्यावर नावच नव्हतं, नुसतं ‘मुलगी’. ते दुरुस्त करायला माझ्या म्हाताऱ्या वडिलांनी उन्हातान्हात खेटे घातले. तुमचा, वहिनींचा, मुलीचा दाखला, त्यावर पूर्ण नावं आणि पासपोर्टशी जुळणारं स्पेलिंग, हे निघण्याआधी करून घ्या. मुलगी एकवीस वर्षांची झाली की तुमच्या व्हिसावर राहू शकत नाही, आणि भारतीयांची ग्रीन कार्डची रांग पाहता तोवर ते हातात येईलच असं नाही.

शाळा. कार्लिन पट्ट्यातल्या बऱ्याच खाणी शेजारच्या युरेका काउंटीत आहेत, तिथे वस्ती दोन हजारांच्या आत. खाणींवरच्या करातला काउंटीचा वाटा तिकडे जातो आणि कामगारांची मुलं शिकतात एल्कोत. याचा विचार कोणीतरी करायला हवा.

पण माझं दुखणं दुसरं आहे. नाव घालताना घरात कोणती भाषा बोलता असं विचारतात. मी मराठी लिहिलं. त्यावरून लेकीची इंग्रजीची चाचणी झाली. इंग्रजी माध्यमात शिकलेली, गोष्टींची पुस्तकं वाचणारी मुलगी, परक्या बाईंसमोर तिचं तोंड उघडलं नाही. ती इंग्रजी शिकणाऱ्यांच्या यादीत गेली आणि वाचनाच्या तासाला तिला वर्गातून उठवून नेऊ लागले. यादीतून निघायचं तर वर्षातून एकदा होणारी परीक्षा. असा वेगळा तास नको असल्यास पालक लेखी नकार देऊ शकतात, परीक्षा तेवढी द्यावी लागते. हे मला शाळेत कोणी सांगितलं नाही. एके दिवशी गाडीत बसल्यावर ती म्हणाली, ‘आई, शाळेपाशी माझ्याशी मराठीत बोलू नकोस.’ पुढे यादीतून नाव निघालं, मराठी मात्र परत आली नाही. आता आजीशी ती इंग्रजीत बोलते आणि आजी तिकडून ‘हो गं बाळा’ म्हणत राहते.

तरीही तुम्ही मराठीच लिहा. नकाराचं पत्र पहिल्या दिवशी सोबत ठेवा.

आमचं इथे घर आहे, लेकीला हे डोंगर सोडवत नाहीत, आणि खरं सांगायचं तर आता मलाही नाही. पण यायचं ठरलं तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं, ते अजून मनातून जात नाही. तेव्हा शिफ्ट कोणती, बस कुठून सुटते आणि आय-१४० कधी, हे कंपनीला विचारा, आणि तीनही उत्तरं वहिनींसमोर ठेवा. त्यांना काही विचारायचं असेल तर त्यांनीच मला लिहावं, मी सगळं सांगेन.