तीन महिन्यांच्या बाळाचं डोकं होडीसारखं लांबट आहे. डॉक्टरांनी सीटी सांगितलाय, त्याऐवजी एमआरआय चालेल का?

ताई, सीटीतल्या क्ष-किरणांची भीती वाटणं रास्त आहे. पण इथे एमआरआयने काम भागणार नाही, कारण डॉक्टरांना आधी कवटीचं हाड बघायचंय.

मी कोल्हापुरात रेडिओलॉजिस्ट आहे. टाळूच्या मागे मधोमध हाडाचा कंगोरा हाताला लागतो, असं तुम्ही लिहिलंय. बाळाच्या कवटीची हाडं सुटी असतात आणि त्यांच्यामधल्या शिवणींपाशी डोकं वाढतं. मधली शिवण वेळेआधी जुळली, की रुंदी वाढायची थांबते आणि डोकं मागेपुढे लांबत जातं. याला क्रेनिओसिनोस्टोसिस म्हणतात. शिवण कुठवर जुळलीय हे थ्रीडी सीटीत स्पष्ट दिसतं. नेहमीच्या एमआरआयमध्ये हे पातळ हाड नीट उमटत नाही.

एमआरआय लागतो मेंदूच्या घडणीसाठी: मेंदूच्या दोन अर्ध्या भागांना जोडणारा पट्टा, म्हणजे कॉर्पस कॅलोसम, तयार झालाय का, मेंदूच्या घड्या नीट पडल्यात का. त्याला अर्धा तास तरी निपचित पडावं लागतं, म्हणून बऱ्याचदा भूल द्यावी लागते. सीटी काही सेकंदांत उरकतो. बाळाला तिथेच पोटभर पाजून झोपवलं की बहुतेकदा भुलीशिवाय होतो. सेंटरवर एवढं नक्की विचारा, की लहान मुलांसाठीचा कमी डोस लावणार ना?

सराव असलेला डॉक्टर असेल तर या वयात शिवणींची सोनोग्राफीही होते, तीही किरणांशिवाय. बालरोगतज्ज्ञांना तेवढं विचारून बघा.

सासूबाई मालिशीला दोष देतात, हे वाचून वाईट वाटलं. राधानगरी, गडहिंग्लजकडून आलेल्या कितीतरी सुना हेच ऐकून आलेल्या असतात. यात तुमचा काडीचा दोष नाही. एका कुशीवर झोपून डोकं चपटं होतं ते वेगळं. त्यात चपट्या बाजूचा कान पुढे सरकलेला दिसतो आणि सहसा सीटीही लागत नाही. जुळलेली शिवण मात्र मालिशीने किंवा राईच्या उशीने उघडत नाही. डोकं दाबू तर अजिबात नका.

आणि हे पुढच्या महिन्यावर ढकलू नका. जुळलेली शिवण मोकळी करायची दुर्बिणीची छोटी शस्त्रक्रिया साधारण पहिल्या सहा महिन्यांतच करतात, नंतर मोठी करावी लागते. खर्चाची अडचण असेल तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागात दाखवा. स्कॅन झाल्यावर फिल्मसोबत सीडीही मागून घ्या. पुण्या-मुंबईच्या सर्जनला दाखवायची वेळ आली तर तीच लागते, पुन्हा स्कॅन करावा लागत नाही.