इंग्रज जमीनदार घराण्यांच्या वंशावळी: वाचकांचे प्रश्न

इंग्लंडमधल्या जमीनदार घराण्यांच्या वंशावळींबद्दल वाचकांनी विचारलेले काही प्रश्न आज घेतो आहे. प्रश्न थोडे आटोपशीर केले आहेत.

इंग्रजी कादंबऱ्यांत कुणी ‘सर’ असतो, कुणी ‘लॉर्ड’, तर कुणी नुसताच ‘मिस्टर’. तरी सगळ्यांकडे मोठमोठे वाडे आणि शेकडो एकर. यातले जेंट्री नेमके कोण? (नाशिक)

लॉर्ड मंडळी उमराव. ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन अशा त्यांच्या पायऱ्या. त्यांच्या खाली, पण आपापल्या गावावर पुरती हुकमत असलेले जे जमीनदार, ते जेंट्री. त्यातही दोघांना ‘सर’ लागतं. बॅरोनेटचा किताब बापाकडून मुलाकडे जातो. पहिल्या जेम्स राजाने तो १६११ मध्ये सुरू केला. नाइटचा किताब त्या माणसाबरोबर संपतो. उरलेले सगळे मिस्टर, आणि एखादा मिस्टर शेजारच्या सरपेक्षा कितीतरी श्रीमंत असू शकत असे.

कसोटी जमिनीची होती. कुळांकडून येणाऱ्या खंडावर घर चालतं का आणि परगण्यात न्यायदंडाधिकारी म्हणून बसण्याचा मान आहे का, हे पाहिलं जाई. आपल्याकडच्या जमीनदारासारखा सरकारचा सारा वसूल करून देणारा हा मधला माणूस नव्हता. जॉन बेटमन याने १८८३ मध्ये मोठ्या जमीनधारकांची शेवटची सुधारित यादी छापली. त्यात एक ते तीन हजार एकरवाले ‘स्क्वायर’ आणि त्यावरचे, वर्षाला किमान तीन हजार पौंड खंड येणारे, ‘मोठे जमीनधारक’ अशी वर्गवारी आहे. नवख्या वाचकाला अंदाज यायला ती पुरेशी आहे.

बर्कच्या ग्रंथात एका घराण्याची वंशावळ थेट १०६६ च्या नॉर्मन स्वारीपर्यंत नेलेली दिसली. ती खरी धरावी का? (पुणे)

तेवढ्यावर नाही. जॉन बर्कने उमरावांचा कोश १८२६ मध्ये काढला आणि १८३३ पासून बिगरउमराव जमीनदारांचे खंड छापायला घेतले. ‘लँडेड जेंट्री’ या नावाने पुढे प्रसिद्ध झाला तो हाच ग्रंथ. माहिती बहुतेक त्या त्या घराण्यांनीच पुरवलेली. मग आजोबांनी सांगितलेली गोष्ट, पणजोबांनी पैसे देऊन करवून घेतलेला वंशवृक्ष, नावातल्या साम्यावरून जुळवलेला नॉर्मन सरदार, हे सगळं खऱ्या नोंदींच्या शेजारी त्याच सुबक टाइपात छापलं गेलं. इतिहासकार एडवर्ड फ्रीमन याने १८७७ मध्ये या वंशावळींवर कडाडून टीका केली. त्याच्यानंतर जे. होरेस राउंडने एकेक घराणं घेऊन कागदोपत्री चिरफाड केली. २० व्या शतकातल्या आवृत्त्यांमध्ये पुष्कळ दंतकथा गाळल्या गेल्या. त्यामुळे तुमच्या हातातली आवृत्ती कोणत्या सालची आहे, हे आधी बघा.

१०६६ मध्ये हेस्टिंग्जच्या लढाईत इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मंडीच्या विल्यमच्या बाजूने कोण कोण होतं, याचा समकालीन पुरावा जेमतेम पंधरा-वीस नावांपुरता आहे. त्यातल्या फारच थोड्यांचा वंश पुरुषशाखेने पुढे चालू राहिलेला सिद्ध करता येतो. म्हणून ‘आमचे पूर्वज विल्यमबरोबर आले’ हे वाक्य मी पुरावा पुढे येईपर्यंत बाजूला ठेवतो. मात्र खरोखर जुनी घराणीही आहेत. वॉरिकशरमधल्या एटिंग्टनच्या शर्ली घराण्याची जमीन डूम्सडे बुकच्या, म्हणजे विल्यमने १०८६ मध्ये करवलेल्या जमिनींच्या नोंदीपासून त्यांच्याकडे आहे. त्याच घराण्यातल्या एव्हलिन फिलिप शर्ली याने १८५९ मध्ये इ. स. १५०० पूर्वीपासून पुरुषशाखेने जमीन राखून असलेल्या घराण्यांची परगणावार यादी केली. भारदस्त दावे करणाऱ्या कित्येकांना त्या यादीत जागा मिळाली नाही.

बर्क वापरा, जरूर वापरा. कुठे शोधायचं ते त्यातून कळतं. शेवटच्या दोन-तीन पिढ्या सहसा विश्वासार्ह असतात, कारण ती माणसं छापतेवेळी हयात होती. तिथून मागे जाताना प्रत्येक बाप-लेकाच्या जोडीला स्वतंत्र कागद मागा.

एकच आडनाव एकाच वाड्यात पाच-सहाशे वर्षं कसं टिकतं? प्रत्येक पिढीत मुलगा झालाच असेल का? (कोल्हापूर)

या विषयातला मला सर्वांत आवडणारा प्रश्न. मुलगा दर पिढीत होत नसे. आडनाव टिकवलं जाई.

बकिंगहॅमशरमधलं क्लेडन घ्या. राल्फ व्हर्नी हा लंडनचा कापडव्यापारी. १४६५ मध्ये तो तिथला लॉर्ड मेयर झाला आणि त्याच सुमारास क्लेडनची जमीन घराण्याकडे आली. (जुनी जमीनदार घराणी तलवारीतूनच उगवली, या समजाला इथेच तडा जातो.) पुढे राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवीत सर एडमंड व्हर्नी १६४२ मध्ये एजहिलच्या लढाईत राजाचं निशाण हातात धरून पडला. त्या काळातली या कुटुंबाची हजारो पत्रं आजही शिल्लक आहेत, आणि १७ व्या शतकातलं इंग्लिश घर आतून बघायचं तर त्यासारखा ठेवा नाही. शेवटचा अर्ल व्हर्नी १७९१ मध्ये कर्जात बुडून निपुत्रिक वारला. पुतणी मेरी वारस झाली. तीही अविवाहित राहून १८१० मध्ये गेली. मग आली तिची सावत्र बहीण कॅथरीन. दोघींची आई एक, पण कॅथरीनचे वडील कॅल्व्हर्ट. तिने आणि तिच्या नवऱ्याने व्हर्नी हे नाव घेतलं. १८२७ मध्ये तिने इस्टेट आपल्या चुलत नात्यातल्या सर हॅरी कॅल्व्हर्टला ठेवली, आणि तोही व्हर्नी झाला. म्हणजे आजचे क्लेडनचे व्हर्नी हे पुरुषशाखेने कॅल्व्हर्ट आहेत. नुसत्या आडनावावरून मागे जाणारा माणूस इथे हमखास भलत्याच झाडावर चढतो.

याच सर हॅरीने १८५८ मध्ये पार्थेनोपी नाइटिंगेलशी लग्न केलं. ही फ्लॉरेन्सची थोरली बहीण. या दोघींचं आडनावही जन्मतः चालत आलेलं नव्हतं. वडील मूळचे विल्यम एडवर्ड शोअर. त्यांच्या आईचा मामा पीटर नाइटिंगेल याची डर्बीशरमधली इस्टेट त्यांना मिळाली, आणि तिच्यासाठी १८१५ मध्ये त्यांनी नाइटिंगेल नाव घेतलं. त्या इस्टेटीला अट होती: मुलगा नसेल तर ती वडिलांच्या बहिणीकडे जावी. मुली दोघीच. त्यामुळे १८७४ मध्ये वडील वारल्यावर इस्टेट आत्याकडे आणि पुढे तिच्या मुलाकडे गेली. जगभर नाव झालेल्या मुलीलाही बापाची ती जमीन मिळाली नाही.

या व्यवस्थेचं मूळ ‘सेटलमेंट’ नावाच्या दस्तात आहे. १७ व्या शतकापासून थोरल्याच्या लग्नाच्या वेळी किंवा तो २१ वर्षांचा झाल्यावर बाप-लेक असा करार करत की, जमिनीचा मालक हयातीपुरताच उपभोग घेईल. विकायचा हक्क त्याला नाही. विधवेला ठरावीक वर्षासन, मुलींना आणि धाकट्या मुलांना ठरावीक रक्कम, बाकी सगळं थोरल्याला. १८८२ च्या कायद्याने अशा हयातमालकांना जमीन विकता येऊ लागली, आणि पुढच्या काही दशकांत मोठ्या इस्टेटी फुटत गेल्या. वंशावळ अभ्यासणाऱ्याने हा दस्त मिळाला तर सोडू नये. वंशवृक्षात नसलेल्या मुली, भाचे, व्याही त्यात नावानिशी सापडतात.

आणखी एक, कारण आपल्या वाचकांचा इथे घोळ होतो. जेन ऑस्टिनचा भाऊ एडवर्ड श्रीमंत नाइट घराण्यात गेला आणि १८१२ मध्ये त्याने नाइट हे नाव घेतलं. आपण याला सहज ‘दत्तक’ म्हणतो. पण इंग्लंडमध्ये दत्तकाचा कायदाच १९२६ पर्यंत नव्हता. एडवर्डला वारसा मिळाला तो मृत्युपत्र आणि दस्तांमुळे. म्हणून अशा ठिकाणी दत्तकविधानाचा कागद शोधण्यात वेळ घालवू नका, मृत्युपत्र शोधा.

मी लेस्टरला राहते. गावच्या चर्चच्या रजिस्टरमध्ये एका जोडप्याचं लग्न १० एप्रिल १६९८ ला आणि मुलाचा बाप्तिस्मा १२ फेब्रुवारी १६९८ ला दिसला. मूल लग्नाआधीचं का?

नाही. १७५२ पर्यंत इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे १६९८ चा एप्रिल आधी आला आणि फेब्रुवारी नंतर. आपल्या हिशेबाने तो बाप्तिस्मा फेब्रुवारी १६९९ चा, लग्नानंतर दहा महिन्यांचा. टिपून घेताना १६९८/९९ असं लिहा.

चर्चची रजिस्टरं १५३८ पासून ठेवली जाऊ लागली, पण सुरुवातीची बरीच हरवली आहेत आणि यादवीच्या आणि त्यानंतरच्या १६४० ते १६६० या काळात मोठ्या फटी आहेत. १५९८ पासून दरवर्षी बिशपकडे नक्कल जाई. मूळ फाटलं असेल तर ती परगण्याच्या अभिलेखागारात मागा. जमीनदार कुटुंबांची १८५८ पूर्वीची मृत्युपत्रं बहुधा कँटरबरीच्या प्रिरॉगेटिव्ह कोर्टात सिद्ध झालेली असतात, आणि ती आता लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. मी स्वतः नेहमी मृत्युपत्रापासून सुरुवात करतो. मरताना माणूस कुणाला काय देतो, त्यात नाती उघडी पडतात. हेरल्डांनी, म्हणजे कुलचिन्हांची आणि वंशांची नोंद ठेवणाऱ्या राजाच्या अधिकाऱ्यांनी, १५३० ते १६८८ या काळात परगण्यांत फिरून नोंदवलेल्या वंशावळीही छापील मिळतात. त्यातल्या हयात पिढ्या भरवशाच्या, वरच्या तपासून घ्याव्यात.

आडनावाचं ‘फॅमिली क्रेस्ट’ विकणाऱ्या वेबसाइट खऱ्या असतात का? (ठाणे)

नाहीत. इंग्लंडमध्ये कुलचिन्ह आडनावाला मिळत नाही; ते एका माणसाला आणि त्याच्या पुरुषशाखेतल्या वंशजांना मिळतं. नोंद ठेवणारं कॉलेज ऑफ आर्म्स लंडनमध्ये १४८४ पासून आहे. विचारायचं तर तिथे.

पेशव्यांच्या दरबारातला मॅलेट अशा घराण्यातला होता का? त्याच्यासारख्यांचा माग इकडून काढता येतो का? (पुणे)

होय. चार्ल्स वॉर मॅलेट (१७५२–१८१५) हा सॉमरसेटमधल्या जुन्या जमीनदार घराण्यातल्या एका पाद्र्याचा मुलगा. जमीन थोरल्या शाखेकडे गेली की, उरलेल्यांना चर्च, फौज, वकिली किंवा कंपनीची नोकरी एवढेच रस्ते. मॅलेट मुंबईला आला, १७८६ ते १७९७ पुण्याचा रेसिडेंट होता, मुळा-मुठेच्या संगमावर राहिला. टिपूविरुद्धचा १७९० चा पुण्याचा तह त्याच्याच खटपटीचा, आणि १७९१ मध्ये त्याला बॅरोनेट केलं. शनिवारवाड्यात चित्रशाळा चालवणारा जेम्स वेल्स १७९५ मध्ये वारला. मॅलेटने १७९९ मध्ये त्याची मुलगी सुझाना हिच्याशी लग्न केलं आणि विल्टशरमध्ये विल्बरी हाउस घेतलं. जमिनीबाहेर पडलेली शाखा दख्खनच्या कमाईवर पुन्हा जमीनदार झाली.

विल्यम मॅलेट हा हेस्टिंग्जला असल्याचा पुरावा असलेल्या मोजक्या सरदारांपैकी एक. पण म्हणून पुण्याचा मॅलेट त्याचा वंशज ठरत नाही. मधल्या प्रत्येक पिढीचा कागद लागेल. पुण्यात मॅलेटला अंबर कौर या स्त्रीपासून मुलं झाली होती. अशी मुलं छापील वंशावळींत सहसा नसतात. मृत्युपत्रांत मात्र त्यांच्यासाठी ठेवलेली रक्कम कित्येकदा सापडते, आणि त्यांची नावं परत लिहिणं हे मला या कामातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

इकडचा माग लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. कंपनीचे पाद्री बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नकला लंडनला पाठवत. मुंबई इलाख्याच्या नोंदी इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये ‘एन/३’ या मालिकेत मिळतात. कारकुनीसाठी अर्ज करणाऱ्या मुलांचे कागद ‘जे/१’ मध्ये आहेत. वय सिद्ध करायला त्या अर्जाला बाप्तिस्म्याची नक्कल जोडावी लागे, त्यामुळे त्या एका कागदावर गाव, आईबाप आणि तारीख तिन्ही मिळतात. मुंबईच्या सेंट थॉमस कॅथेड्रलमधले किंवा आपल्या गावच्या जुन्या इंग्रज दफनभूमीतले शिलालेख आधी उतरवून घ्या. अक्षरं झिजली असतील तर सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं असताना फोटो काढा. खडू मात्र घासू नका. मग त्या नाव-तारखेनिशी ‘एन/३’ बघा.