ब्लेड कुठून गेलं?

मिरज

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आणि सोबतचा स्लाइडचा फोटो मिळाला. ‘मॅडम, स्लाइड ओळखता येते, पण अवयव डोळ्यांपुढे उभा राहत नाही. माझ्या डोक्याला थ्रीडी जमतच नाही, बहुतेक पॅथॉलॉजी ही ब्रँच चुकली,’ असं लिहिलंयस. ब्रँचचं वर्षभरानं बोलू. थ्रीडी जमत नसल्याचं मात्र मी ऐकून घेणार नाही. ते कुणाच्याच डोक्यात आयतं नसतं. एकेक सेक्शन, म्हणजे ऊतीचा पातळ काप, घेऊन रचावं लागतं, आणि त्याची सुरुवात एका प्रश्नानं होते: ब्लेड कुठून गेलं?

तू फोटो पाठवलास तो फोर्टी एक्सचा, म्हणजे मायक्रोस्कोपच्या हाय पॉवर भिंगाचा. त्यावरूनच तुझी पद्धत कळली. स्लाइड स्टेजवर ठेवली की थेट हाय पॉवर, आणि पेशींची नावं सुरू. अरे, आधी स्लाइड उजेडाकडे धरून नुसत्या डोळ्यांनी बघ. तुकडा कसा पडलाय, पृष्ठभाग कुठल्या बाजूला, तो सलग दिसतो की मध्येच तुटतो? मग फोर एक्स, म्हणजे कमी पॉवरचं भिंग. नावं घ्यायला तिथूनही अवकाश आहे.

तुझा सेक्शन 4–5 मायक्रॉन जाडीचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). लाल रक्तपेशीचा व्यास 7–7.5 मायक्रॉन. म्हणजे एका रक्तपेशीच्या रुंदीहूनही पातळ काप बघून तू आख्ख्या अवयवाबद्दल बोलायला निघालायस. किडनीतला ग्लोमेरुलस, म्हणजे रक्त गाळणारा केशवाहिन्यांचा गोळा, साधारण 200 मायक्रॉनचा. पाच मायक्रॉनचे काप घेतले तर एकातून 40 निघतील आणि तुझ्या स्लाइडवर त्यातला फक्त एक आहे. ब्लेड मधोमध गेलं तर गोळा मोठा दिसेल, कडेनं गेलं तर बारका. लहान-मोठे दिसले म्हणून ते लहान-मोठे असतीलच असं नाही. व्हॅस्क्युलर पोल, म्हणजे रक्तवाहिन्या आत-बाहेर जायची जागा, थोड्याच ग्लोमेरुलसमध्ये दिसतो, पण असतो प्रत्येकाला.

तू सांगलीचा. ओल्या हळदीचा कंद आडवा कापला की बोटांच्या सुट्या सुट्या चकत्या पडतात, तिरका कापला की त्याच चकत्या लांबट होतात. त्या बघून कुणी चार वेगळ्या हळदी म्हणत नाही, कारण आख्खा कंद आपण हातात धरलेला असतो. वृषणामागच्या एपिडिडिमिसच्या स्लाइडवर मात्र डझनावारी गोल नळ्या दिसल्या की मुलं ‘अनेक नळ्या’ असं लिहून मोकळी होतात. नळी एकच आहे! माणसात सुमारे 6 मीटर लांब, वेटोळं घालून बसलेली. ब्लेडनं तिला जागोजागी छेदलंय. वारेच्या (प्लॅसेंटाच्या) स्लाइडमध्ये व्हिलाय, म्हणजे बोटांसारखे उंचवटे, बेटांसारखे सुटे तरंगताना दिसतात. त्यातला प्रत्येक कुठल्या ना कुठल्या फांदीला लागलेला असतो, ती फांदी या सेक्शनमध्ये नाही एवढंच. लहान आतड्यातला आडवा छेद गेलेला गोल दिसला तर तो व्हिलस की क्रिप्ट, म्हणजे आत गेलेला खड्डा? एपिथेलियम, म्हणजे पृष्ठभागावरचं पेशींचं अस्तर, बाहेर आणि गाभ्यात संयोजी ऊती असेल तर व्हिलस. एपिथेलियमच्या आत पोकळी असेल तर क्रिप्ट. हे पाठ करायचं नसतं. बोट कापलं की खड्डा कापला, एवढा विचार केला की उत्तर समोर येतं.

व्हायव्हाला, तोंडी परीक्षेला, मी हेच विचारायची. ‘ट्रॅकिया, सूडोस्ट्रॅटिफाइड सिलिएटेड’ (श्वासनलिका, एकच थर पण अनेक थरांचा भास देणारं केसाळ अस्तर) असं धडाधड म्हणणाऱ्या मुलाला विचारायची, ‘सगळ्या पेशी बेसमेंट मेंब्रेनवर, तळाच्या पडद्यावर, टेकल्यात म्हणतोस, मग इथं चार थर का दिसतात?’ तो गप्प. मी मार्क कापायची. कडक, हेकट, मुलांचं वर्ष वाया घालवणारी, सगळं बोलून झालं माझ्याबद्दल. आजही मी तेच करेन. नाव सांगणारा मुलगा पुढे रिपोर्टवर सही करतो आणि त्या सहीवर कॅन्सर म्हणून कुणाचा तरी जबडा काढला जातो. एक प्रश्न विचारून मी तो जबडा वाचवू बघत होते, आणि लोकांना त्यात माझा स्वभाव दिसला. असो.

हा प्रश्न फक्त विद्यार्थ्यांसाठी आहे असंही समजू नकोस. यकृताच्या पेशी ‘कॉर्ड्स’मध्ये, म्हणजे दोऱ्यांत, असतात असं पुस्तकांतून पिढ्यान् पिढ्या शिकवलं गेलं. 1949 मध्ये शरीररचनाशास्त्रज्ञ हान्स इलायस यांनी सस्तन प्राण्यांच्या यकृताची रचना नव्यानं तपासली. युक्तिवाद किती साधा बघ. दोऱ्या असत्या तर ब्लेड बहुतेक ठिकाणी त्यांना आडवं किंवा तिरकं छेदून गेलं असतं आणि स्लाइडभर ठिपके नि लंबगोल दिसले असते. दिसतात तर पट्ट्या, कुठूनही कापा, पट्ट्याच. कुठल्याही दिशेनं कापल्यावर पट्टी देते ती भिंत. एका पेशीएवढ्या जाडीच्या, एकमेकींना जोडलेल्या भिंती आणि मधून सायनसॉइड, म्हणजे रक्ताच्या बारीक वाटा. त्यासाठी नवं यंत्र लागलं नाही. ब्लेड कुठून गेलं, हे नेटानं विचारावं लागलं. 1961 मध्ये स्टिरिऑलॉजी हे सपाट कापांवरून घन रचना मोजण्याचं शास्त्र उभं राहिलं त्यातही याच इलायस यांचा पुढाकार. आणि सेक्शनवरचं क्षेत्रफळाचं प्रमाण हेच घनफळाचं प्रमाण असतं, हा त्या शास्त्राचा पाया 1847 मध्ये घातला देलेस नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञानं, दगड कापून!

आता तुझं सॉफ्टवेअर. स्लाइड स्कॅन करून त्यातून मॉडेल फिरवून दाखवतं, ते शिकू का, असं विचारलंयस. शीक की. पण आधी हातानं कर. भ्रूणशास्त्रज्ञ गुस्ताव बॉर्न यांनी 1883 मध्ये मेणाच्या पट्ट्यांची पद्धत मांडली (भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्न यांचे हे वडील). सेक्शन 10 मायक्रॉनचा आणि चित्र 100 पट मोठं, तर पट्टी 1 मिलिमीटर जाडीची. बाह्यरेषा कापायची आणि पट्टीवर पट्टी रचत जायचं. हे केलेल्या माणसाला कळतं की खरी अडचण रचण्यात नाही, जुळवण्यात आहे. वाकड्या नळीचे गोल एकाखाली एक नेमके बसवले की नळी सरळ होते. सॉफ्टवेअरही हीच चूक करू शकतं, तीही अतिशय सुंदर रंगांत. शिवाय कापताना सेक्शन ब्लेडच्या दिशेनं दबतो, वॉटर बाथवर पसरतो, फॉर्मॅलिन-अल्कोहोल-झायलीनमधून येताना ऊती आकसलेली असते ती वेगळीच. हे ज्याच्या बोटांना माहीत नाही तो पडद्यावरच्या चित्राला प्रश्न विचारूच शकत नाही.

काचेच्या पट्ट्यांवर शाईनं काढलेली भ्रूणाच्या किडनीची आख्खी मालिका आमच्या विभागात होती, माझ्या हातची. एकावर एक रचून वरून पाहिलं की नळ्यांच्या वाटा दिसायच्या. विभाग दुसऱ्या इमारतीत गेला तेव्हा ती भंगारात गेली. मी रजेवर होते. तेव्हापासून कुणी ‘आता सगळं कॉम्प्युटरवर मिळतं’ म्हटलं की मला राग येतो. तो तुझ्यावर काढत असेन तर सोसून घे.

आता तुझी केस. गालाच्या आतल्या बाजूची बायोप्सी, तंबाखूची सवय, एपिथेलियमखाली पेशींची सुटी बेटं, सीनियर ‘इन्व्हेजन’, म्हणजे कॅन्सर खाली घुसलाय, म्हणतायत आणि तुझं मन मानत नाही. फोटोत बेटांच्या कडा गुळगुळीत आहेत, तळाच्या बेसल पेशी ओळीनं उभ्या आहेत, सगळी बेटं जवळपास एकाच खोलीवर आहेत, भोवती स्ट्रोमाची, म्हणजे आधार देणाऱ्या संयोजी ऊतीची, प्रतिक्रिया नाही. मला तरी ती तिरक्या कापलेल्या रीट रिजेस, म्हणजे एपिथेलियमच्या खाली उतरलेल्या घड्या, वाटतात. तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये कडेवर उभा न राहता आडवा पडला की हेच होतं. पण एका फोटोवरून मी सही करणार नाही, तूही करू नकोस.

उद्या टेक्निशियनकडे स्वतः जा, चिठ्ठी पाठवू नकोस. ब्लॉकमध्ये ऊती किती उरलीय ते आधी बघ. थोडीच असेल तर ट्रिमिंगमध्ये, ब्लॉक तासण्यात, घालवू नका. डीपर लेव्हल्स, म्हणजे त्याच ब्लॉकमधले आणखी खोलवरचे काप, घ्यायला सांग, रिबनमधले, म्हणजे एकामागून एक जोडून निघालेले, सेक्शन क्रमानं उचला, प्रत्येक स्लाइडवर नंबर घाला. प्रत्येक लेव्हलला तीच बेटं कागदावर काढ. ती सरकत जाऊन वरच्या एपिथेलियमला मिळाली, तर ब्लॉक वितळवून तुकडा कडेवर उभा करून पुन्हा मेणात एम्बेड करून घे आणि मग बघ. मिळाली नाहीत, खाली जाताना कडा वेड्यावाकड्या झाल्या, बेटांच्या पोटात केराटिन दिसलं, तर सीनियर बरोबर आहेत. इन्व्हेजन लिही, माझी भीड धरू नकोस. तोवर रिपोर्ट अडवून ठेव. सर्जनचा फोन आला तर सरळ सांग, लेव्हल्स लावल्यात.

कागद मला पाठव. फोटो नको, हातानं काढलेले.

तुझी,
मॅडम