सव्वा एकर लॉनसाठी पहिला झिरो टर्न मॉवर: ४२ इंची घ्यावा की ५४ इंची?

सांगलीजवळ फार्महाऊस, सव्वा एकर लॉन, माळी टिकत नाही, पहिल्यांदाच झिरो टर्न, म्हणजे बसून चालवायचं, जागच्या जागी वळणारं गवत कापायचं मशीन घेताय, कुठल्या कंपनीचं घेऊ विचारताय आणि मेहुणे म्हणतायत की घ्यायचा तर ५४ इंचीच घ्या, छोटा घेऊन पस्तावाल. हे मेहुण्यांचं वाक्य तुम्ही लिहिलं नसतं तर मी उत्तराच्या भानगडीत पडलेच नसते. आमच्याकडं मेहुण्यांच्या जागी धाकटे दीर होते, एवढाच काय तो फरक.

४२ घ्या, म्हणजे एका फेरीत ४२ इंच रुंद पट्टा कापणारं. का ते सांगते.

आम्ही वाईच्या पुढं, धोमच्या बाजूला राहतो. घराभोवती पन्नास गुंठे लॉन, म्हणजे नेमकं तुमच्याएवढंच. पुढची बाजू सपाट, मागची पाटापर्यंत उतरत गेलेली. हे लॉन मुळात कुणाला हवं होतं हा वेगळा विषय. सासूबाई अजून म्हणतात, "पन्नास गुंठ्यात गवत लावायचं, ते कापून टाकायचं, आन् म्हशीला वैरण इकत आणायची." यावर घरात आजवर कुणाला उत्तर सुचलेलं नाही.

भाऊजी बावीस वर्षं ओहायोत आहेत. तिकडं दर शनिवारी ते स्वतः लॉन कापतात, याचं घरात फार कौतुक. २०१७ साली त्यांनीच फोनवरून हट्ट धरून मशीन घ्यायला लावलं. निम्मे पैसे त्यांनी घातले, त्यामुळं निवडही त्यांचीच. ५४ इंची. पुण्याहून टेम्पोत आलं, फळ्या लावून उतरवलं, आणि मग लक्षात आलं की घराच्या बगलेनं मागं जायचं फाटक चार फुटी आहे. ५४ इंच म्हणजे साडेचार फूट, पण ते नुसतं डेक, म्हणजे पात्यांवरचा पत्र्याचा पसारा. बाजूला गवत फेकायचं जे झाकण असतं ते धरलं की मशीन साडेपाच फुटांच्या घरात जातं. झाकण वर उचलता येतं, खांब उचलता येत नाही. गवंड्याकडून एक खांब पाडून घेतला. शेजारची शेरडं आत येऊ नयेत म्हणून तीन आठवडे फाटकाच्या जागी बाभळीच्या काट्या लावून बसलो होतो. तेव्हा भाऊजींनी फोनवर विचारलं होतं, "वहिनी, फाटक एवढं अरुंद कुणी ठेवलं?" फाटक आमच्या लग्नाच्या आधीचं आहे.

मशीन चालवायला मी शिकले. आमचे हे त्यावर अजून बसत नाहीत. स्टिअरिंग नाही, ब्रेकचं पायडल नाही, मांडीवर आलेल्या दोन दांड्या तेवढ्या. दोन्ही पुढं ढकलल्या की पुढं, दोन्ही ओढल्या की मागं, एक पुढं आणि एक मागं केली की जागच्या जागी गिरकी. पहिल्या दिवशी मी दोनदा मेंदीच्या कुंपणात घुसवलं. चौथ्या दिवसापासून आंब्याच्या बुंध्याला चार बोटं सोडून गवत काढत होते.

यात्रेला भाऊजी सहकुटुंब आले. दुपारी बाराची वेळ, घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि भाऊजींना मशीन दाखवायची हौस. सपाटीवर त्यांनी छान चालवलं, नाही म्हणत नाही. आंब्याभोवती फुगडी घातल्यासारखी गिरकी मारली, पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग मागच्या उताराकडं वळले. मी पडवीतून ओरडले, "भाऊजी, तिकडं नको, तिकडं आम्ही खांद्यावरच्या कटरनं काढतो." तर म्हणाले, "वहिनी, मशीनला काय कळतंय सपाट का उतार?"

सरळ खाली गेले. मेंदी जवळ आल्यावर वळायला एक दांडी ओढली. मशीन वळलंच नाही. मागची चाकं नुसती घासत होती आणि पुढची दोन, ऑफिसच्या खुर्चीला असतात तशी मोकळी, जिकडं उतार तिकडं पळत होती. मग घाबरून त्यांनी दोन्ही दांड्या छातीकडं ओढल्या. चाकं उलटी फिरायला लागली, गवत उकरलं, मशीन मात्र खालीच चाललं. मेंदी फोडून पुढची दोन्ही चाकं पाटात. पाणीपाळी चालू होती. भाऊजी उठून उभे राहिले तसं सीटखालच्या स्विचनं इंजिन बंद केलं, म्हणून पाती थांबली. त्यांना खरचटलंसुद्धा नाही, फक्त एक चप्पल पाटाच्या पाण्यानं खालच्या शिवारात नेली. चिखलातून वर आल्यावर त्यांचं पहिलं वाक्य काय असावं? "स्प्रिंकलर कुणी लावला होता?"

तेव्हापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला ही गोष्ट निघते आणि तिचा शेवट ठरलेला असतो: वहिनींनी लॉन ओलं ठेवलं होतं.

तर आता नीट ऐका, कारण हे तुमच्याही कामाचं आहे. झिरो टर्नमध्ये वळवणं, पळवणं आणि थांबवणं ही तिन्ही कामं मागच्या दोनच चाकांकडं असतात. प्रत्येक चाकाला स्वतंत्र हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा पंप आणि मोटर. पार्किंग ब्रेक असतो तो उभं करून ठेवण्यापुरता. उतारावरून खाली जाताना वजन पुढं सरकतं, मागची चाकं हलकी होतात, आणि ती एकदा घसरली की तुमचं स्टिअरिंग आणि ब्रेक एकाच क्षणी गेलं. साध्या लॉन ट्रॅक्टरला निदान पुढची चाकं वळवता येतात. यात तेही नाही. म्हणून मशीनबरोबरच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की १५ अंशांपेक्षा जास्त उतारावर न्यायचं नाही, काही मशीनना तर १० अंशच. १५ अंश म्हणजे दहा फुटांच्या आडव्या अंतरात सुमारे पावणेतीन फूट उतार, १० अंश म्हणजे पावणेदोन फूट. दोन दांड्यांचं हे मशीन १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये तयार झालं. कॅन्सस कसं, तर पोळपाटासारखं. आमच्या पांडवगडाच्या पायथ्याला कुणी त्याची चाचणी घेतली नव्हती.

यात्रेचे पाहुणे गेल्यावर मी खांब बांधणाऱ्या त्याच गवंड्याला बोलावलं आणि पाण्याच्या लेव्हल ट्यूबनं उतार मोजून घेतला. दहा फुटांत तीन फूट दोन इंच. साडेसतरा अंश झाले. कागदावर आकृती काढून भाऊजींना फोटो पाठवला. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर अजून यायचंय.

मशीन पाटातून काढतानाची गंमत राहिलीच. सहा माणसं ढकलत होती, मागची चाकं तसूभर फिरत नव्हती. शेजारच्यांचा ट्रॅक्टर आला, साखळी लावायची तयारी झाली. मी घरातून पुस्तक आणलं. मागच्या बाजूला दोन छोट्या सळ्या असतात, दोन चाकांच्या दोन, त्या ओढून खाचेत अडकवल्या की हायड्रॉलिक मोकळं होतं आणि मशीन हातगाड्यासारखं ढकलता येतं. तसं न करता ट्रॅक्टरनं ओढलं असतं तर आतलं सगळं बसलं असतं आणि ते बदलायचा खर्च इंजिनाच्या तोडीचा. सळ्या मी ओढल्या. ही गोष्ट मात्र कुठल्याच बारशाला निघत नाही.

आता तुमच्या लॉनचं. ताशी आठ किलोमीटरनं ४२ इंची मशीन चालवलं तर वळणं, झाडं, एकमेकांवर येणारे पट्टे वजा जाता तासाला साठ गुंठे होतात. ५४ इंचीत ऐंशी. तुमचं लॉन पन्नास गुंठे. म्हणजे सगळा फरक दहा-पंधरा मिनिटांचा. तेवढ्यासाठी जास्तीचे पैसे, मोठी शेड, रुंद फाटक आणि उंचवट्यावर सोललं जाणारं गवत, हे सगळं कशाला? डेक जितकं रुंद तितकं खालीवर जमिनीवर ते एका बाजूनं टेकतं आणि तिथं तांबडं टक्कल पडतं. तुमचं लॉन त्या बारीक मेक्सिकन गवताचं असेल तर त्याला उशा आल्यासारखे उंचवटे येतात, तिथं तर पडणारच. बर्म्युडा किंवा सिलेक्शन वन जातीचं असेल तर चिंता नाही.

सांगलीला उतार कुठला म्हणा. पण तुमच्याकडं काळी माती आहे आणि ती आमच्या मुरमापेक्षा अवघड. माणूस बसल्यावर मशीन तीनशे किलोंच्या पुढं जातं. पावसाळ्यात वाफसा नसताना बाहेर काढलंत तर चाकोऱ्या पडतील त्या दिवाळीपर्यंत दिसतील. जागच्या जागी गिरकी तर ओल्यात मारूच नका. आतलं चाक एका जागी फिरतं आणि गवत मुळासकट उकरतं. थोडं पुढं, थोडं मागं, असं तीन टप्प्यांत वळायचं. नाव झिरो टर्न असलं तरी. नदीकाठी असाल तर शेड कुठं बांधताय तेही बघा. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं होतं, हे मी सांगलीकरांना काय सांगणार.

कंपनी विचारलीत. ज्याचा बेल्ट फोन केल्यावर दोन दिवसांत हातात पडतो ती कंपनी. मी हे धडा शिकून सांगतेय. पहिला बेल्ट तुटला तेव्हा मेकॅनिकनं त्याच मापाचा साधा बेल्ट बाजारातून आणून बसवला, पिठाच्या गिरणीला असतो तसला. डेकच्या बेल्टला पाठीच्या बाजूनंही पुली दाबत असते, साधा बेल्ट ते सोसत नाही. अर्ध्या तासात जळका वास आणि काळा भुगा. मशीन घेतानाच दोन बेल्ट आणि पात्यांचा एक जोड बरोबर घ्या. दुकानदार "लागेल तेव्हा मागवू" म्हणाला तर उठून दुसऱ्या दुकानात जा. त्याच मेकॅनिकनं एकदा सीटचा स्विच "सारखा त्रास देतोय" म्हणून वायर जोडून कायमचा चालू करून ठेवला होता. मी त्याच दिवशी पूर्ववत करून घेतला. तो स्विच नसता तर भाऊजींची चप्पलच काय, पायही... जाऊ दे.

पेट्रोलचं एक. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि या इंजिनांच्या पुस्तकात बहुतेक ठिकाणी १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं. डीलरला हे तोंडावर विचारा आणि उत्तर बिलावर लिहून मागा, मग कसा घसा खाकरतो बघा. निदान टाकीत पेट्रोल साठवू नका. मृगाच्या आधी टाकी रिकामी करायची, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, मगच झाकून ठेवायचं. मी एक वर्ष विसरले आणि दसऱ्याला कार्बुरेटरमध्ये गुळाच्या काकवीसारखा चिकटा निघाला.

डेक पत्रा दाबून केलेलं की जाड पत्रा वेल्डिंग केलेलं, यावर दुकानदार अर्धा तास घेतील. तुमच्याकडं दगड नसतील तर दाबलेलं पुरे. आमच्याकडं दगड उगवतात, आम्हाला वेल्डिंगचं लागलं. मागच्या दोन टायरांत हवा मात्र सारखी ठेवा, नाहीतर डेक एका बाजूला कलतं आणि तुम्ही पात्याला दोष देत बसता.

आणि डोक्यामागचा लोखंडी बार असलेलं मशीन घ्या, मशीन उलटलं तर माणूस वाचावा म्हणून असतो तो. बार उभा असताना पट्टा लावायचा, बार पाडलेला असताना लावायचा नाही. भाऊजींनी आंब्याची फांदी लागते म्हणून बार पाडला होता आणि पट्टाही लावला नव्हता, म्हणजे अर्धं बरोबरच केलं होतं.

५४ इंची वाईट असतं असं मी म्हणत नाही. तीन-चार एकर सपाट, मोकळं रान असेल तर तोच घ्यावा. आमचं अजून चालतंय, गेल्या शनिवारीच पुढची बाजू काढली. उतारावर कटरच, आणि खालच्या पट्ट्यात गवत वाढू देतो. म्हशीला होतं.

आता एक राहिलं, नाहीतर कुणीतरी खाली येऊन लिहीलच. स्प्रिंकलर त्या दिवशी मीच लावला होता. सकाळी साडेसहाला. आठला बंद केला. मशीन बाराला गेलं पाटात, आणि महिना वैशाखाचा होता. थोडी ओल राहिली असेल मुळाशी. पण साडेसतरा अंश काय मी पाणी घालून वाढवले?

फाटकाची रुंदी मोजून इथं लिहा, दोन्ही खांबांच्या आतल्या बाजूनं. मग मॉडेलचं बोलू.