बोटाचा सांधा : सुजेकडे नको, मुठीकडे बघा

तीन आठवड्यांपूर्वी व्हॉलीबॉल अनामिकेवर आदळला, एक्स-रेत हाड शाबूत निघालं, डॉक्टर म्हणाले लिगामेंट, म्हणजे दोन हाडं बांधून ठेवणारा पट्टा, ताणलंय. पण मधला सांधा अजून सुपारीएवढा दिसतो, तेव्हा चोळून बघू का, असं विचारलंय तुम्ही. चोळू अजिबात नका, ओढूही नका.

सूज म्हणाल तर ती चिवटच असते. माझ्या अनामिकेची उतरायला आठ महिने लागले आणि थोडा जाडपणा राहिलाच. अंगठी आता दुसऱ्या हातात घालतो.

खरी भीती आखडण्याची. मी जास्तीची काळजी म्हणून बोट पाच आठवडे पट्टीत सरळ ठेवलं. पट्टी काढली तर बोटाची काठी झालेली! खिशात हात घातला की ते एकटंच शिवणीला अडायचं. मग कोमट पाण्यात हात बुडवायचा, सांध्याखालचं पेर दुसऱ्या हाताने धरायचं आणि फक्त मधला सांधा वाकवायचा, दिवसातून पाच-सहा वेळा. तीन महिने हेच केलं.

या सांध्याला दोन्ही बाजूंनी एकेक लिगामेंट असतं आणि तळहाताच्या अंगाला एक जाड पडदा. बोट बाजूला मुरगळलं तर लिगामेंट दुखावतं, मागे उलटलं तर पडदा. लिगामेंट अर्धवट फाटलं असेल तर बहुधा शेजारच्या बोटाला बांधून हालचाल चालू ठेवायला सांगतात. मध्ये कापूस ठेवा आणि चिकटपट्टी सांध्याच्या वर अन् खाली लावा, सांध्यावर नको. पडदा दुखावला असेल तर बोट पूर्ण सरळ होऊ नये म्हणून पाठीमागून पट्टी देतात. वाकवायला मात्र मोकळीक असते. सांधा बाजूला लचकतोय असं वाटलं तर पुन्हा दाखवा.

वर लिहिलेलं सगळं मधल्या सांध्याचं. बोटाचं टोक खाली लोंबतंय आणि आपणहून सरळ होत नाही, तर ती सरळ करणाऱ्या स्नायूच्या दोरीची दुखापत. तिथे उलटा नियम: शेवटचा सांधा सहा ते आठ आठवडे सतत सरळ, पट्टी बदलतानासुद्धा टोक टेकवूनच. टोक वाकतच नसेल तर वाकवणारी दोरी सुटलेली असू शकते. त्याचं ऑपरेशन आठ-दहा दिवसांत व्हावं लागतं, सूज उतरायची वाट बघत बसू नये. आणि अंगठ्याच्या बुडाशी, तर्जनीकडच्या बाजूचं लिगामेंट पूर्ण तुटलं तर त्याचं टोक कधी कधी स्नायूच्या पडद्याबाहेर अडकतं. मग ते कितीही बांधून ठेवलं तरी जुळत नाही, टाकेच घालावे लागतात. स्टेनर नावाच्या सर्जनने हे १९६२ मध्ये दाखवून दिलं. अंगठ्याला म्हणूनच मी कधी ‘होईल बरं’ म्हणत नाही.

आज मूठ वळून बघा. अनामिकेचं टोक तळहातापासून किती लांब राहतं ते पट्टीने मोजून लिहून ठेवा, आठवड्याने पुन्हा मोजा. अंतर तेवढंच राहिलं तर हाताचे व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओकडे जा.