घर आणि धंदा, दोन्हींचा हिशोब एकाच सॉफ्टवेअरमध्ये ठेवावा का?

नमस्कार,

इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून तुमच्या पत्राचा गोषवारा आधी मांडते. तुम्ही पती-पत्नी मिळून यंत्रदुरुस्तीचा छोटा व्यवसाय चालवता. पती बाहेरची कामं करतात आणि तिथूनच बिल देतात, जमाखर्च तुम्ही बघता. तीन वर्षं घरचा आणि धंद्याचा हिशोब एकाच एक्सेल फाइलमध्ये आहे, बँक खातंही एकच. आता शुल्क भरून एक ऑनलाइन अकाउंटिंग सॉफ्टवेअर घ्यायचं आणि घरखर्चही त्यातच बसवायचा, असं तुमच्या मनात आहे. तीन वर्षांचे पैसे एकदम भरले तर विक्रेता मोठी सवलत देतोय. दुसरीकडे ग्नूकॅश हे संगणकावर चालणारं हिशोबाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतंय. पैसे भरावेत की फुकटचं घ्यावं, हा तुमचा प्रश्न.

माझं मत असं: धंद्यासाठी पैसे भरून ऑनलाइन सॉफ्टवेअर घ्या, पण तीन वर्षांचं नको. घरखर्च त्यात घालू नका. आणि या सगळ्याच्या आधी धंद्याचं बँक खातं वेगळं करा. खातं एकच राहिलं तर कितीही महागडं सॉफ्टवेअर घेतलं तरी प्रत्येक नोंदीपाशी 'हे घरचं की धंद्याचं?' हा प्रश्न तुम्हालाच सोडवावा लागेल, आणि महिनाअखेरीला त्यातले निम्मे व्यवहार आठवत नसतात.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे: 'राबतो खूप, पण धंद्यात उरत काहीच नाही.' मला ते वाक्य खरं वाटत नाही. समजा, एका महिन्यात ग्राहकांकडून ९०,००० आले, सुट्या भागांवर आणि प्रवासावर ३८,००० गेले आणि घरासाठी तुम्ही ४०,००० काढले. तुमच्या फाइलमध्ये हे तिन्ही आकडे एकाखाली एक आहेत, म्हणून तळाशी १२,००० दिसतात. पण धंद्याने ५२,००० कमावलेत. घरासाठी काढलेले ४०,००० म्हणजे मालकाची उचल, ती खर्चात धरायची नसते. धंद्याच्या हिशोबात ती भांडवलातून वजा होते आणि घरच्या हिशोबात तीच रक्कम उत्पन्न म्हणून जमा होते. हे दोन हिशोब वेगळे झाले की 'धंदा चालत नाही' आणि 'घरखर्च जास्त होतोय' या दोन अगदी वेगळ्या अडचणी वेगवेगळ्या दिसू लागतात. आज तुम्हाला यातली नेमकी कुठली आहे, हेच कळायला मार्ग नाही.

उलट बाजूनेही फसगत होते. ग्राहकाने आगाऊ दिलेले पैसे खात्यात पडले की हात सैल सुटतो, पण काम पूर्ण होईपर्यंत ती रक्कम तुमच्या डोक्यावरचं देणं असते. एक्सेलमध्ये ती साधी 'जमा' म्हणून बसते.

आता ग्नूकॅशकडे वळू. ते मला मनापासून आवडतं. १९९८ मध्ये त्याची पहिली स्थिर आवृत्ती आली आणि आजही त्याचं काम चालू आहे. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हींवर चालतं. दुहेरी नोंद काटेकोर पाळतं, म्हणजे पैसा कुठून आला आणि कुठे गेला, या दोन्ही बाजू लिहिल्याशिवाय व्यवहार जमत नाही. ग्राहक, पुरवठादार, बिलं, येणी-देणी, सगळं त्यात आहे. पण एका हिशोबावर एका वेळी एकानेच काम करावं अशी त्याची रचना आहे. तुमचे पती कामाच्या जागेवरून फोनवर बिल करणार आणि तुम्ही घरी संगणकावर वसुली बघणार, हे त्यात नीट जमणार नाही. बिलंही तुम्हीच करत असता आणि ती मोजकी असती, तर मी बिनदिक्कत ग्नूकॅश घ्या म्हटलं असतं आणि शुल्क वाचवायला सांगितलं असतं.

शुल्क भरण्याचं खरं कारण तुमच्याच पत्रात आहे. गेल्या वर्षीची तीन बिलं मागायचीच राहून गेली, असं तुम्ही लिहिलंय. ती रक्कम वर्षाच्या शुल्काशेजारी मांडून बघा. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये थकीत येण्यांचा वयोवार तक्ता मिळतो: ३० दिवसांच्या आतली, ३० ते ६०, ६० ते ९० आणि त्यापुढची. दर सोमवारी तेवढा एक तक्ता उघडून शेवटच्या रकान्यातल्या लोकांना फोन केलेत, तरी शुल्क वसूल व्हायला हरकत नाही. बाकी रंगीत आलेख आणि डॅशबोर्ड यांच्यासाठी मी एक पैसाही जास्त देणार नाही.

तीन वर्षांची सवलत मात्र नाकारा. मायक्रोसॉफ्ट मनी हे हिशोबाचं नावाजलेलं सॉफ्टवेअर, तरी २००९ मध्ये त्याची विक्री थांबली. मिंट हे घरखर्चाचं ॲप लाखो लोक वापरत होते, ते मार्च २०२४ मध्ये बंद झालं. दोन्हींमागे बलाढ्य कंपन्या होत्या. दुहेरी नोंदीची पद्धत लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ मध्ये व्हेनिसमध्ये छापून मांडली आणि ती अजून तशीच चालते आहे, पण ती वापरणारं एखादं सॉफ्टवेअर किती वर्षं टिकेल हे कंपनीच्या मर्जीवर असतं. म्हणून पहिलं वर्ष दरमहा भरा. महाग पडेल, पण बाहेर पडण्याची मोकळीक राहील.

बाहेर पडता येतं का, हे आधीच तपासा. बहुतेक ठिकाणी काही दिवस फुकट वापरायला देतात. त्या दिवसांत दहा-बारा नोंदी करा. त्यात एक बिल असू द्या, त्यावर अर्धीच रक्कम आलेली दाखवा, एक उचल दाखवा. मग सगळा डेटा एक्सपोर्ट करून एक्सेलमध्ये उघडा. तारीख, खातं, नावे-जमेच्या दोन्ही बाजू, ग्राहकाचं नाव आणि त्या बिलाची उरलेली बाकी, हे सगळं त्यात दिसलं पाहिजे. नुसती पीडीएफ मिळत असेल किंवा व्यवहारांची सपाट यादीच येत असेल, तर ते सॉफ्टवेअर सोडून द्या. जोडलेल्या पावत्यांचे फोटो पुष्कळदा एक्सपोर्टमध्ये येत नाहीत, ते तुमच्याकडे वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवाच.

ॲपला बँकेचा पासवर्ड दिला तर व्यवहार आपोआप येतील, असं तुम्ही विचारलंय. पासवर्ड कुणालाही देऊ नका. बँक स्वतःच्या पानावर तुमची परवानगी घेऊन फक्त वाचण्यापुरती माहिती देत असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे पासवर्ड ॲपकडे जात नाही आणि परवानगी काढूनही घेता येते. तशी सोय नसेल तर महिन्यातून एकदा बँकेचं स्टेटमेंट सीएसव्ही किंवा ओएफएक्स (सॉफ्टवेअरला थेट वाचता येणाऱ्या फाइली) स्वरूपात उतरवून सॉफ्टवेअरमध्ये चढवा. दहा मिनिटांचं काम आहे.

त्यानंतरचं काम मात्र कुठलंच सॉफ्टवेअर तुमच्यासाठी पूर्ण करत नाही, ते म्हणजे बँकेशी ताळमेळ. महिनाअखेरची बँकेतली शिल्लक आणि सॉफ्टवेअरमधली शिल्लक समोरासमोर ठेवायची. समजा, बँक ८२,३५० दाखवते आणि सॉफ्टवेअर ८१,४५०. फरक ९००. आधी नेमकी ९०० ची राहिलेली नोंद शोधा. नाही सापडली तर फरकाला ९ ने भाग जातो का बघा. जात असेल तर बहुधा कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झालेली असते, ५,४०० आले असताना ४,५०० लिहिलं गेलेलं असतं. तेही नसेल तर फरकाची निम्मी रक्कम, म्हणजे ४५०, शोधा. जमा झालेली रक्कम चुकून खर्चात पडली की दुप्पट फरक येतो. 'समायोजन' नावाची नोंद टाकून फरक मिटवण्याचं बटण बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असतं. त्याला हात लावू नका, कारण त्या ९०० च्या मागे दोन मोठ्या चुका एकमेकींना झाकत बसलेल्या असू शकतात.

घरखर्चासाठी तुमची एक्सेल फाइल पुरेशी आहे. उत्पन्नात फक्त उचल लिहायची, खाली खर्च. ग्नूकॅश शिकायची हौस असेल तर घरच्या हिशोबावर शिका, तिथे चूक परवडते. ते फाइलच्या शेजारी तारखेनिशी जुन्या प्रती ठेवतं, पण त्याच संगणकावर. संगणक गेला तर त्याही जातील, तेव्हा आठवड्याला एक प्रत बाहेर काढा.

जुनी तीन वर्षं नव्या सॉफ्टवेअरमध्ये भरत बसू नका. त्या कामात उत्साह संपतो आणि माणूस पुन्हा एक्सेलकडे वळतो, असं मी अनेक घरांत पाहिलंय. हिशोबाचं नवं वर्ष सुरू होतं त्या दिवसाची सुरुवातीची शिल्लक टाका: बँकेत किती, हातात रोख किती, कुणाकडून किती येणं, कुणाचं किती देणं, हत्यारं आणि यंत्रं किती किमतीची. हे आकडे तुमच्या अकाउंटंटकडून तपासून घ्या आणि त्यांना कुठल्या स्वरूपात अहवाल लागतात ते सॉफ्टवेअर ठरवण्यापूर्वीच विचारा. पहिले दोन महिने एक्सेलही चालू ठेवा. दोन्हीकडचे आकडे जुळले की मगच ती बंद करा.

पहिल्या महिन्याचा ताळमेळ लागला नाही, तर फरकाची रक्कम आणि त्या महिन्यातल्या धंद्याच्या खात्याच्या नोंदी मला पाठवा. खाते क्रमांक तेवढा झाकून पाठवा.